बेटाबेटांतून : अंदमानचा प्रवास

श्रोतेहो, आपल्या बोलण्यात एक शब्द अजून टिकून आहे : काळे पाणी. पूर्वी एखाद्याला जन्मठेप झाली की घरची माणसे म्हणत, 'त्याला काळ्या पाण्यावर धाडले.' हे सांगताना आवाज खाली येई. गेलेला माणूस पुन्हा उंबरठ्यावर दिसेल अशी आशा कोणी धरत नसे. ते काळे पाणी म्हणजे बंगालच्या उपसागरातली अंदमान बेटे. आज त्याच बेटांवर सातारा, जळगाव, नांदेडकडची मंडळी सुटीत मुलाबाळांना घेऊन जातात. पेन्शन घेतलेले गुरुजी जातात, चार एकर बागायत असलेला शेतकरीही जातो. परत आल्यावर विचारावे तर सांगतात, 'पाणी फार निळे, वाळू फार पांढरी.'

ते खरेच आहे. पण पाणी निळे का, वाळू पांढरी का, आणि त्या पाण्याच्या काठी माणसाने कसे वागावे, हे ठाऊक नसले तर पाहणे अर्धेच राहते. कधी कधी जिवावरही बेतते. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र जवळून पाहिलेला नाही. नदीचा पूर आपल्याला कळतो, विहिरीचा तळ कळतो. समुद्राची रीत निराळी. म्हणून आज थोडे त्या बेटांविषयी आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कसे जावे याविषयी बोलू.

आधी बेट म्हणजे काय, ते नीट ध्यानात घेऊ. सिंहगडावर उभे आहात अशी कल्पना करा. खाली खोऱ्यात पाणी चढत चालले आहे. वाड्या बुडाल्या, शेते बुडाली, घाटाच्या वाटा बुडाल्या. आणि शेवटी सिंहगड, राजगड, तोरणा यांचे माथे तेवढे पाण्यावर उरले. मग सिंहगडावरून राजगडावर जायचे तर कसे जाल? होडीनेच जावे लागेल. अंदमान हे असेच आहे. ब्रह्मदेशात आराकान योमा नावाची डोंगररांग आहे. तीच पुढे दक्षिणेकडे समुद्राखालून जाते आणि तिचे माथे पाण्यावर डोकावतात. त्यांनाच आपण बेटे म्हणतो. उत्तर अंदमानातले सॅडल पीक हे शिखर पाण्यापासून ७३२ मीटर उंच आहे. खडक, खडपे धरून अंदमान आणि निकोबार मिळून पाचशेंहून अधिक बेटे भरतात; पण माणसांची वस्ती त्यांतल्या सुमारे तीस बेटांवरच आहे. बाकीच्यांवर रान आहे आणि पाखरे आहेत.

चेन्नई किंवा कोलकाता सोडले की ही बेटे समुद्रमार्गाने सुमारे बाराशे किलोमीटरांवर आहेत. आगबोटीने जायला साधारण तीन दिवस लागतात. विमान दोन-अडीच तासांत नेऊन सोडते. उतरायचे गाव एकच, राजधानीचे. त्याला पोर्ट ब्लेअर म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव श्रीविजयपुरम असे ठेवले आहे.

उतरल्याबरोबर पहिली चकवणारी गोष्ट म्हणजे सूर्य. घड्याळ आपलेच असते, पण डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे सूर्य मावळून जातो. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर जरूर घालावे. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७३ रेखांशावर, श्रीविजयपुरम सुमारे ९३ वर. वीस रेखांशांचे अंतर म्हणजे ऐंशी मिनिटे. घड्याळ साऱ्या देशाचे एक, पण सूर्य ज्याच्या त्याच्या रेखांशाप्रमाणे उगवतो. याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की जे पाहायचे ते सकाळी लवकर निघून पाहावे. चार वाजता चहा घेऊन समुद्रावर जाऊ म्हणणाऱ्याच्या हाती अंधारच लागतो.

राजधानीत सेल्युलर जेल आहे. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधले. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघत होत्या. त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. एकेका कैद्याला एकेक कोठडी, आणि एका कोठडीतून दुसरीतले तोंड दिसू नये अशी सारी रचना. विनायक दामोदर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत इथे होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव हेही इथेच होते. मराठी माणूस इथे आला की पाय आपोआप सावकाश पडतात. अर्धा दिवस तरी या जागेला द्यावा. इथे भिंतींपेक्षा समुद्राकडे पाहावे. या तुरुंगाचा खरा कोट तो समुद्रच होता. पळून जाणार कुठे? बाराशे किलोमीटर पाणी!

आता बेटाबेटांचा प्रवास. राजधानीहून आगबोटी सुटतात. सुमारे चाळीस किलोमीटरांवर स्वराज द्वीप आहे. सरकारी बोटीला तिथे जायला अडीच तासांच्या आसपास लागतात. तिथून तासाभरावर शहीद द्वीप. पूर्वी यांना हॅवलॉक आणि नील म्हणत. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी अंदमानात तिरंगा फडकवला, त्या वेळी बेटांना शहीद आणि स्वराज ही नावे द्यावीत असे ठरले होते. त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, या दोन बेटांची नावे बदलण्यात आली.

या बेटांवरच्या गावांची नावे ऐका : गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, आणि शहीद द्वीपावर भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. कोणी विचारील, समुद्रात इतक्या दूर ही नावे कुठून आली? देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून निर्वासित झालेली शेतकरी कुटुंबे सरकारने इथे वसवली. त्यांनी रान साफ केले, भाताची खाचरे काढली, नारळ-सुपारी लावली. शहीद द्वीपावरचा भाजीपाला आजही राजधानीच्या बाजारात जातो. म्हणजे ज्याला आपण सहलीची जागा म्हणतो, ते कुणाचे तरी शेत आणि घर आहे, हे विसरू नये.

बोटीच्या प्रवासात दोन गोष्टी सांभाळा. पहिली ही, की काहींना एस.टी. लागते तशी बोटही लागते. निघताना पोट अगदी भरलेले नको आणि अगदी रिकामेही नको. वर मोकळ्या वाऱ्यावर बसून दूर क्षितिजाकडे पाहत राहावे. दुसरी अधिक महत्त्वाची. हवा बिघडली की बोट सुटत नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा पाऊस, पुढे परतीच्या पावसाचे दिवस आणि वादळे; जानेवारी ते एप्रिल हे त्यातल्या त्यात शांत महिने. तरीही बेरजेत आपण हातचा राखतो तसा प्रवासात एक दिवस हातचा राखून ठेवावा. घरी परतायच्या आदल्या दिवशी दूरच्या बेटावर मुक्काम करू नये. धक्क्यावर उभे राहून खलाशावर ओरडल्याने समुद्र शांत होत नाही, हे प्रत्येक बेटकऱ्याला ठाऊक असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बेटावर वेळ ठरवते ती भरती-ओहोटी. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, त्याला आपल्याकडे उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा, ती भांगाची भरती. कोकणातल्या कोळ्यांचा एक तोंडी हिशेब आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तितके वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. ठोकळमानाने हे कोकण किनाऱ्यावर जमते. पण अंदमानात हा हिशेब लावू नका, बरे का! प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. रीत तीच, आकडा निराळा. तेव्हा बेटावर पोहोचताच पहिला प्रश्न विचारावा, 'आज ओहोटी किती वाजता?'

हा प्रश्न का, ते दोन उदाहरणांनी सांगतो. शहीद द्वीपावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला दगडाची एक नैसर्गिक कमान आहे. लाटांनी खडक कोरून कोरून तो पुलासारखा झाला आहे. तिथे खडकाखडकांवरून चालत जावे लागते, आणि ते ओहोटीलाच जमते. ओहोटीला खडकांतल्या खळग्यांमध्ये पाणी साचून राहते. त्यात चिमुकले मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. शाळेच्या प्रयोगशाळेत जे दिसणार नाही ते तिथे पायाशी दिसते. पण पाणी फिरले की वाट बुडते आणि शेवाळलेल्या दगडांवरून घाईने परतताना पाय मोडतात.

दुसरे उदाहरण थेट उत्तरेला, दिगलीपूरजवळचे. तिथे रॉस आणि स्मिथ नावाची दोन बेटे आहेत. ओहोटीला त्या दोहोंमध्ये पांढऱ्या वाळूचा बांध उघडा पडतो आणि माणूस पायी एका बेटावरून दुसऱ्यावर जातो. भरती आली की बांध पाण्याखाली. बेटाबेटांतून चालत जायची ही गंमत आहे खरी, पण चालण्याची परवानगी समुद्राने दिली पाहिजे.

पोहण्याचेही तसेच. विहिरीत पट्टीचा पोहणारा समुद्रात तितकाच पट्टीचा असतो असे नाही. किनाऱ्यावर आलेले पाणी कुठून तरी परत जाते. ज्या पट्ट्यातून ते परत जाते तिथे ओढ असते. त्या ओढीत सापडलात तर तिच्या विरुद्ध हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला पोहत जा, ओढ संपली की मग वळा. ज्या किनाऱ्यावर मनाईची पाटी आहे तिथे उतरूच नका. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या आसपास खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी असतात. २०१० साली स्वराज द्वीपावर एका प्रवासी बाईचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हा पाटी कुणी उगाच लावलेली नाही, असे समजून चालावे.

आता त्या पांढऱ्या वाळूकडे येऊ. आपल्या नदीची वाळू म्हणजे झिजलेला दगड. अंदमानच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू ही बरीचशी झिजलेली पोवळी आणि शिंपले आहेत. पोवळे, म्हणजेच प्रवाळ, हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. पिढ्यांमागून पिढ्या घरावर घर चढते आणि समुद्रात भिंत उभी राहते. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला एक मासा, त्याला पोपटमासाच म्हणतात, या भिंतीवरचे शेवाळ खरवडून खातो. खाताना प्रवाळाचाही चुरा त्याच्या पोटात जातो आणि तो वाळू होऊन बाहेर पडतो. लाटाही भिंत झिजवतात. तुम्ही ज्या मऊ वाळूवर बसता तिच्यात या माशाच्या पोटातून आलेले कण आहेत, हे मुलांना सांगा. ती हसतील, पण विसरणार नाहीत.

आणि पाणी निळे का? सूर्याच्या प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते, निळा राहतो. त्यातून या बेटांवर गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत, म्हणून पाणी नितळ. आणि तळाला पांढरी वाळू. जिथे पाणी उथळ तिथे ते हिरवट-निळे दिसते, जिथे खोल तिथे गडद.

ही प्रवाळाची भिंत बेटाचा बांध आहे. शेताला जसा बांध, तशी बेटाला ही भिंत. बाहेरून येणारी मोठी लाट तिच्यावर फुटते आणि किनाऱ्याला पोहोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. बांधावरचा एकेक दगड येणाऱ्या-जाणाऱ्याने उचलून नेला तर शेताचे काय होईल, ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, खिशात घालू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याखाली प्रवाळाला संरक्षण आहे. परतताना सामान तपासले जाते आणि पकडले तर गुन्हा होतो. पण कायद्याचे सोडा. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीची वीट काढून आणू नये, एवढे आपल्याला घरीच शिकवलेले असते. रिकामे शंखदेखील कामाचे असतात. शंखखेकडा स्वतःचे घर बांधत नाही. तो पडका शंख शोधून त्यात संसार थाटतो.

तळाला काच बसवलेल्या होडीतून हे प्रवाळ पाहता येते, किंवा तोंडावर काचेचा मुखवटा लावून पाण्यावर तरंगत पाहता येते. पाहताना त्यावर पाय मात्र टेकू नये. एका पावलाने कित्येक वर्षांची वाढ मोडते. आधीच या जिवांवर संकट आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले की प्रवाळ आपल्या अंगात राहणारे सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरेफटक पडते. त्या शेवाळावरच त्याचे पोट चालते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाही तर मरते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर झाले.

राजधानीजवळ वंडूर इथे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली ते स्थापन झाले. तिथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे प्रवाशांना दाखवतात, पण एका वेळी एकच. एक उघडे असते तेव्हा दुसरे विसावा घेते. आपण जमीन पड ठेवतो ना, तसे. तिथे प्लॅस्टिकची पिशवी, बाटली नेऊ देत नाहीत. लोकांना ही कटकट वाटते. पण बेटावर टाकलेला कचरा जाणार कुठे? चारी बाजूंना पाणी. गोड्या पाण्याचेही तसेच आहे. पाऊस भरपूर पडतो, पण डोंगर उतरते आणि समुद्र जवळ, म्हणून पडलेले पाणी वाहून जाते. मार्च-एप्रिलमध्ये राजधानीतसुद्धा पाण्याची ओढ असते. माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. उतारूंनी बादलीभर पाण्यात आंघोळ आटोपली तर गावकऱ्यांच्या हंड्याला पाणी राहते.

एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, साडेसहाच्या सुमारास, सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. त्या धक्क्याने सारी बेटे जणू कलली. उत्तर अंदमानात किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिणेकडे जमीन खचली. निकोबारच्या टोकावरचे इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खाली गेले. राजधानीजवळच्या सखल शेतांत खारे पाणी शिरले आणि कित्येक ठिकाणी ते तिथेच राहिले. मागोमाग लाटा आल्या. निकोबारात हजारो माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. पण लिटल अंदमानवरचे ओंगी आदिवासी वाचले. जमीन हलताच ते किनारा सोडून उंचावर गेले. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. वडिलधाऱ्यांनी सांगितलेले त्यांनी मानले. आज हैदराबादेत इशारा देणारे केंद्र आहे, २००७ पासून ते काम करते. तरी जवळच भूकंप झाला तर लाट काही मिनिटांत येते. म्हणून एवढे पाठच करा : समुद्रकाठी जमीन जोरात हलली, किंवा पाणी एकाएकी दूरवर हटले, तर उघडे पडलेले मासे-शंख पाहायला पुढे धावू नका. सामान टाका, मुलांचा हात धरा आणि उंचावर चला.

या बेटांचे मूळचे रहिवासी हे आदिवासीच. हजारो वर्षे ते तिथे आहेत. एकोणिसाव्या शतकात बाहेरची वस्ती आली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. बाहेरून आलेल्या रोगांना त्यांचे शरीर सरावलेले नव्हते. १८७७ साली गोवराची साथ आली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. आज ते पन्नासच्या घरात उरले आहेत. उत्तरेकडे जाणारा मोठा रस्ता जारवा लोकांच्या राखीव रानातून जातो. तिथे वाहने ठरलेल्या वेळी, ताफ्याने सोडतात. गाडी थांबवू नये, फोटो काढू नये, बिस्किट-केळे देऊ नये. १९५६ सालापासून या लोकांच्या रक्षणाचा कायदा आहे. आपण दिलेला खाऊ आपल्याला प्रेमाचा वाटतो, पण त्याच्याबरोबर आपला खोकला आणि ताप जातो, हे ध्यानात ठेवावे. माणूस ही पाहण्याची वस्तू नव्हे. कोणी आपल्या अंगणात गाडी थांबवून आपल्या मुलांचे फोटो काढू लागला तर आपण काय म्हणू?

तेव्हा श्रोतेहो, जमले तर अंदमानला जरूर जा. एका बेटावरून दुसऱ्यावर जा, पहाटेचा समुद्र पाहा, जेलच्या ओसरीत घटकाभर बसा. ज्यांना जाणे जमणार नाही त्या शाळांतल्या गुरुजींना एक सुचवतो. मुलांना नकाशावर सिंहगडाची ती कल्पना सांगा. महिनाभर रोज रात्री चंद्र पाहायला लावा, तिथी लिहून घ्या आणि तिच्यावरून कोकणातल्या भरतीची वेळ काढायला लावा. समुद्र न पाहता समुद्राची रीत कळू लागेल. पुढे कधी ती मुले त्या पांढऱ्या वाळूवर उभी राहिली, तर शंख गोळा करण्याआधी कुणाला तरी विचारतील, 'दादा, आज ओहोटी किती वाजता?' एवढे झाले तरी पुष्कळ झाले.